कॅनडाचं बिल सी-१०: पिक्चर पूर्ण झाल्यावर येणारा नकार

सरकारने सिनेमाला पैसे द्यायचे तर कुठल्या सिनेमाला द्यायचे, घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून बघता येईल अशालाच का, हा विषय निघाला की लोक लगेच दोन बाजूंना जाऊन बसतात, एक म्हणतो संस्कृतीचं वाटोळं झालं, दुसरा म्हणतो सेन्सॉरशिप आली. मी सिनेमाच्या हिशोबाच्या टेबलावर बरीच वर्षं काढलीत, त्यामुळे मला आधी वेगळाच प्रश्न पडतो. ती अट कागदावर नेमकी कुठे लिहिलीय आणि तिचा निकाल कधी लागतो, पैसे खर्च व्हायच्या आधी का नंतर? हे समजून घ्यायला कॅनडातल्या बिल सी-१० इतकं, म्हणजे २००७-०८ मध्ये सिनेमाच्या सरकारी पैशाला नवी अट घालू पाहणाऱ्या बिलाइतकं, चांगलं प्रकरण मला दुसरं माहीत नाही, म्हणून ते पहिल्यापासून लिहून काढतेय.

आधी योजना काय होती ते बघू, कारण तिथेच सगळी गोम आहे.

कॅनडात १९९५ पासून कॅनेडियन सिनेमा आणि टीव्हीसाठी केंद्र सरकारचं एक टॅक्स क्रेडिट आहे. कंपनीला टॅक्स भरायचा नसला तरी ती रक्कम रोख परत मिळते, म्हणजे नावाला टॅक्स, खरं तर अनुदानच. हिशोब असा की पात्र मजुरी खर्चाच्या २५ टक्के मिळतात, पण ती मजुरी एकूण खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंतच धरायची. म्हणजे जास्तीत जास्त बजेटच्या १५ टक्के. समजा पिक्चर २० लाख डॉलरचं आहे, तर मजुरी धरली १२ लाख, त्याचे २५ टक्के म्हणजे ३ लाख डॉलर. मोठ्या स्टुडिओला ३ लाख म्हणजे काहीच नाही, पण छोट्या निर्मात्याचं पिक्चर उभं राहणार का नाही हे त्याच ३ लाखांवर ठरतं.

आणि पात्रता कशी ठरते तर पॉइंटवर. दिग्दर्शक कॅनेडियन असेल तर २, लेखक असेल तर २, मुख्य कलाकार १, दुसरा मुख्य कलाकार १, मग कला दिग्दर्शन, कॅमेरा, संगीत, एडिटिंग प्रत्येकी १. दहापैकी सहा हवेत. शिवाय दिग्दर्शक किंवा लेखक यांच्यातला एक आणि दोन मुख्य कलाकारांपैकी एक तरी कॅनेडियन हवाच. निर्माता कॅनेडियन, खर्चाचा ठरलेला मोठा वाटा कॅनेडियन लोकांवर, आणि देशात दाखवायचा करार हातात. हे तपासायचं काम हेरिटेज खात्यातल्या कॅव्हको नावाच्या ऑफिसकडे. तिथे बसलेल्या माणसाला पिक्चर आवडलं का नाही याचा काही संबंध नाही, पासपोर्ट बघायचे, करार बघायचे, बेरीज करायची. पॉर्नोग्राफी, बातम्या, गेम शो, जाहिराती असले प्रकार नियमातच नाव घेऊन बाहेर ठेवलेत. म्हणजे यादी आहे आणि ती आधीच माहीत आहे.

सर्टिफिकेट दोन टप्प्यात मिळतं. पहिलं भाग अ, ते कागदपत्रं आणि बजेट बघून, शूटिंगच्या आधी किंवा चालू असताना मिळू शकतं. दुसरं भाग ब, पिक्चर पूर्ण झाल्यावर, खरा खर्च दाखवून. शेवटचा शिक्का भाग ब चा.

आता टेबलावरचा कागद बघा. निर्मात्याचं कॅश फ्लो शीट असतं, आठवड्याप्रमाणे खाली खाली जाणारं, डावीकडे पैसे कुठून येणार, उजवीकडे कुठे जाणार. त्यात टॅक्स क्रेडिटचे ३ लाख सगळ्यात शेवटच्या ओळीत असतात, कारण सरकार ते पिक्चर झाल्यावर, रिटर्न भरल्यावर देणार. पण लाइटवाल्याला, मेकअपवाल्याला, एडिटरला पैसे त्या त्या आठवड्यात लागतात. मग निर्माता बँकेकडे जातो, ते येणारं क्रेडिट तारण ठेवतो आणि थोडं कमी करून कर्ज उचलतो. बँक देते, कारण तिला माहीत असतं की दहापैकी सहा पॉइंट झाले म्हणजे झाले, त्यात मताला जागा नाही. बहुतेक वेळा ती कंपनीही त्या एका पिक्चरपुरतीच काढलेली असते, तिच्याकडे दुसरी काही मालमत्ता नसते, त्यामुळे बँकेचा सगळा भरवसा त्या शेवटच्या ओळीवर असतो. हे मी मुद्दाम इतकं लांबण लावून सांगतेय, कारण पुढचं सगळं याच ओळीवर येऊन आदळलं.

बिल सी-१० हे मुळात सिनेमाचं बिल नव्हतंच. शेकडो पानांचं, इन्कम टॅक्स कायद्यातल्या तांत्रिक दुरुस्त्यांचं बाड होतं, परदेशी गुंतवणूक, अनिवासी ट्रस्ट वगैरे. त्यात एका व्याख्येत एक वाक्य घातलं होतं, की मंत्र्याची खात्री पटली पाहिजे की या निर्मितीला सरकारी पैशाचा आधार देणं हे सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध नाही. बस, एवढंच. सार्वजनिक धोरण म्हणजे काय त्याची व्याख्या नाही. मंत्री मार्गदर्शक सूचना काढतील असं होतं, पण त्यालाच जोडून हेही लिहिलं होतं की या सूचना म्हणजे कायदेशीर नियम धरले जाणार नाहीत, म्हणजे नियमांना जी छाननी लागते ती यांना लागणार नाही. नियम बदलायचा असला तर मसुदा येतो, लोक हरकती घेतात, वेळ जातो. सूचना बदलायला मंत्री बदलला तरी पुरतं. मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट हीच.

हे बिल मागच्या अधिवेशनात सी-३३ या नंबरने आलं होतं, ते पुन्हा सी-१० म्हणून आलं आणि २९ ऑक्टोबर २००७ ला हाऊस ऑफ कॉमन्समधून पासही झालं. विरोधी पक्षांनीही अडवलं नाही. नंतर त्यांच्यातले लोक म्हणाले की हे वाक्य आमच्या लक्षातच आलं नाही. त्यात फार आश्चर्य नाही, टॅक्सच्या इतक्या पानांत सिनेमाची नैतिकता कोण शोधत बसणार.

मग फेब्रुवारी २००८ च्या शेवटी 'ग्लोब अँड मेल' या पेपरने बातमी छापली आणि सगळं पेटलं. तोवर बिल वरच्या सभागृहात, म्हणजे सिनेटमध्ये पोचलेलं होतं. बातमीत चार्ल्स मॅकव्हेटी नावाचे एक इव्हँजेलिकल ख्रिश्चन नेते होते, कॅनडा फॅमिली अ‍ॅक्शन कोअॅलिशनचे प्रमुख, त्यांनी उघडपणे श्रेय घेतलं. आपण स्टॉकवेल डे आणि रॉब निकोल्सन या मंत्र्यांशी बोललो, पंतप्रधानांच्या ऑफिसमधल्या लोकांना भेटलो असं ते म्हणाले. सरकारचं म्हणणं वेगळं होतं, हे कलम काही आम्ही नवीन शोधलेलं नाही, आधीच्या लिबरल सरकारच्या काळातच, २००३ मध्ये, असा प्रस्ताव आला होता. आणि ते खोटं नव्हतं. म्हणून हे प्रकरण फक्त तेव्हाचे पंतप्रधान स्टीफन हार्पर आणि त्यांच्या कन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या माथी मारणं मला पटत नाही. एका सरकारने मसुद्यात ठेवलेलं ढगळ वाक्य पुढचं सरकार जसंच्या तसं उचलतं आणि तोवर ते कुणाच्या हाती पडलंय, त्याचा उपयोग कोण कसा करणार, ही परिस्थिती पूर्ण बदललेली असते. वाक्य तेच राहतं, वाचणारा बदलतो.

त्याच सुमारास एक कॅनेडियन विनोदी पिक्चर चर्चेत होतं ज्याच्या नावातच शिवी होती. २००७ च्या टोरंटो फेस्टिव्हलमध्ये दाखवलेलं, तरुण जोडप्यांच्या एका रात्रीबद्दलचं. असल्या सिनेमांना पैसे द्यायला विरोध करणाऱ्यांनी तेच उदाहरण पुढे केलं, हे बघा, तुमच्या टॅक्सच्या पैशातून हे बनतंय. नाव ऐकूनच माणूस चिडेल असं उदाहरण त्यांना आयतं मिळालं. पण नाव वाईट असलं तरी पिक्चर कायद्याने गुन्हा नव्हतं.

हा मुद्दा नीट धरून ठेवा. कॅनडात अश्लीलतेवर क्रिमिनल कोडचं १६३ वं कलम आहेच. जे त्या कलमात बसतं ते गुन्हा आहे, त्याला अनुदानाचा प्रश्नच येत नाही. पॉर्नोग्राफी टॅक्सच्या नियमातून आधीच बाहेर आहे. मग हे नवीन वाक्य नेमकं कोणाला लागणार होतं? जे गुन्हाही नाही आणि पॉर्नोग्राफीही नाही अशांनाच. म्हणजे कायदेशीर, थिएटरमध्ये लागणारी, तिकीट काढून बघता येणारी पिक्चरं. सरकार म्हणत होतं की आम्हाला फक्त अगदी टोकाची हिंसा, द्वेष पसरवणारं, असलं काही थांबवायचंय. मी ते खरं मानायला तयार आहे. पण द्वेष पसरवण्यावरही गुन्हेगारी कायदा आहेच की. हेतू एवढाच छोटा होता तर वाक्यही तेवढंच छोटं लिहिता आलं असतं, यादीत एक ओळ वाढवायची, झालं.

सिनेटच्या बँकिंग, व्यापार आणि वाणिज्य समितीपुढे सुनावण्या झाल्या. सिनेमाचं भांडण बँकिंगच्या समितीपुढे, हे ऐकायला विचित्र वाटतं पण बिल टॅक्सचं असल्यामुळे ते तिथेच गेलं, आणि माझ्या मते ते योग्य ठिकाणीच गेलं. एप्रिलमध्ये अभिनेत्री आणि दिग्दर्शिका सारा पॉली कलाकारांच्या संघटनेबरोबर बोलायला आली, त्याच वर्षी तिला पटकथेसाठी ऑस्करचं नामांकन होतं, त्यामुळे कॅमेरे आले. डेव्हिड क्रोननबर्गसारख्या दिग्दर्शकानेही जाहीर विरोध केला, ज्याची पिक्चरं बघताना अर्धं थिएटर डोळ्यावर हात घेतं आणि जो तरीही कॅनडाच्या सिनेमाचं सगळ्यात मोठं नाव आहे. फेसबुकवर विरोधाचा ग्रुप निघाला, बघता बघता हजारो लोक जमले, २००८ मध्ये हे नवीनच होतं.

अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य हा मुद्दा अर्थातच होता, पण मला वाटतं समितीला हलवणारा मुद्दा बँकेचा होता. इंडस्ट्रीवाल्यांनी सांगितलं की नकार पिक्चर झाल्यावर येऊ शकत असेल तर बँक कर्ज देणारच नाही. वरचं उदाहरण घ्या. २० लाखांचं पिक्चर, शूटिंग झालं, एडिटिंग झालं, ३ लाखांवर उचललेलं कर्ज खर्चून संपलं. आता भाग ब साठी पिक्चर गेलं आणि तिथे कुणाला तरी वाटलं की हे धोरणाच्या विरुद्ध आहे. ३ लाख गेले, वर व्याज चढतंय. लोकांचे पगार दिले गेलेत, ते परत मागता येत नाहीत. कंपनीकडे विकायला त्या पिक्चरशिवाय काही नाही. बुडाली. आणि हे एकदा जरी घडलं ना, तर पुढच्या वेळी बँकेतला माणूस कर्ज देण्याआधी स्क्रिप्ट मागणार, आणि त्याला सिनेमातलं काही कळत नाही, कळायची गरजही नाही, त्याला फक्त शंका आली तरी पुरे. तो नाही म्हणेल. त्याला कारण द्यावं लागत नाही, त्याच्याविरुद्ध अपील नाही, कुठे नोंद नाही. सरकार छातीठोकपणे सांगू शकेल की आम्ही एकाही सिनेमाला नकार दिला नाही, आणि तेही खरंच असेल, कारण ती पिक्चरं बनलीच नसतील.

आणि लेखक? लेखकाला हे सगळं माहीत असतं. तो सहाव्या पानावरचा सीन स्वतःच काढून टाकतो, कुणी सांगायच्या आधी. कोणता सीन ते आपल्याला कधीच कळणार नाही.

आता दुसऱ्या बाजूचं सगळ्यात मजबूत म्हणणं, कारण ते बाजूला सारण्यासारखं नाही. ज्याला जे बनवायचंय ते त्याने बनवावं, पण माझ्या पैशाने का? नोकरी करून टॅक्स भरणाऱ्या बाईने असं विचारलं तर तिला गावंढळ म्हणणारे लोक मला आवडत नाहीत. तिचा प्रश्न बरोबर आहे. पण त्याला कॅनडात उत्तर आधीच होतं. सरकारी पैशाचे दोन दरवाजे आहेत. एक टेलिफिल्म कॅनडा, तिथे माणसं स्क्रिप्ट वाचतात, निवड करतात, आवडलं नाही तर नाही म्हणतात, आणि हा नकार पिक्चर सुरू व्हायच्या आधी येतो. तिथे मूल्यं, दर्जा, प्रेक्षक सगळ्याचा विचार होतो आणि व्हायलाही हवा. दुसरा दरवाजा टॅक्स क्रेडिटचा, तो मुद्दामच आंधळा ठेवलेला आहे, कारण त्याचं काम रोजगार टिकवणं आणि बँकेला भरवसा देणं. सी-१० ने पहिल्या दरवाज्यावरचा निवडणारा माणूस उचलून दुसऱ्या दरवाज्यावर बसवला, आणि बसवला तो बाहेर पडायच्या बाजूला.

अजून एक गोष्ट, जी ऐकून तिथले निर्माते सगळ्यात जास्त भडकले. परदेशी कंपन्या कॅनडात येऊन शूटिंग करतात त्यांच्यासाठी वेगळं क्रेडिट आहे, कॅनेडियन मजुरीच्या १६ टक्के. त्याला हे वाक्य लागू नव्हतं. म्हणजे हॉलिवूडने व्हँकुव्हरमध्ये येऊन कितीही रक्त सांडलं तरी त्याला पैसे मिळणार, आणि टोरंटोच्या पोरीने आपल्याच शहरावर काही अवघड बनवलं तर तिला मंत्र्याची खात्री पटवून द्यावी लागणार. मूल्यांची काळजी खरोखर असती तर ती आधी मोठ्या पैशाला लागली असती.

हेरिटेज मंत्री जोझे व्हर्नेर यांनी समितीपुढे तडजोड ठेवली, आम्ही वर्षभर हे कलम लागू करत नाही, तोवर इंडस्ट्रीबरोबर बसून सूचना बनवू. ऐकायला बरं वाटतं. पण बँकेच्या नजरेने बघा, एका पिक्चरला स्क्रिप्टपासून भाग ब पर्यंत वर्षाहून जास्त सहज लागतं, म्हणजे आज कर्ज मागायला आलेल्या निर्मात्याचा निकाल त्या न लिहिलेल्या सूचनांवरच लागणार. मुदत देऊन काही सुटत नव्हतं.

इथे थोडं फ्लोरिडाकडे बघायला हवं, कारण २०१० मध्ये तिथे हाच विषय उलट्या टोकाने आला. तिथे कुटुंबाने बघण्यासारख्या निर्मितीला मूळ क्रेडिटच्या वर ज्यादा टक्के देण्याची तरतूद होती, ती ५ टक्के करायचं ठरत होतं. ओरलँडो भागातले रिपब्लिकन प्रतिनिधी स्टीफन प्रेकोर्ट यांच्या बिलात धूम्रपान, सेक्स, नग्नता, शिवीगाळ या नको असलेल्या गोष्टींच्या यादीत अजून एक शब्द घातला होता, अपारंपरिक कौटुंबिक मूल्यं. गे पात्र असलं तर बोनस नाही असाच त्याचा अर्थ लोकांनी लावला, ओरड झाली, आणि कायदा झाला तेव्हा तो शब्द त्यात नव्हता, बाकीची यादी आणि ५ टक्के राहिले. मला ती योजना आवडते असं नाही, सिगारेट दिसली म्हणून पैसे कमी ही कल्पना मला पोरकट वाटते. पण तिची रचना बघा. निर्णय स्क्रिप्टवरून, दिग्दर्शकाशी बोलून. न मिळालं तर वरचे ५ टक्के गेले, मूळ क्रेडिटला धक्का नाही. निर्माता ते ५ टक्के धरल्याशिवाय बजेट करू शकत होता, मिळाले तर बोनस. आणि जे वाक्य सगळ्यात ढगळ होतं तेच भांडणात पडलं, कारण बिलात ते यादीत होतं, कुणालाही बोट ठेवता येत होतं. कॅनडात बोट ठेवायला जागाच नव्हती, मसुद्यात फक्त खात्री हा शब्द होता.

शेवट सिनेटमध्ये झाला नाही, निवडणुकीत झाला. ऑगस्ट २००८ मध्ये हार्पर सरकारने कलांच्या कार्यक्रमांतून सुमारे साडेचार कोटी डॉलर कापले, ७ सप्टेंबरला संसद बरखास्त झाली आणि मंजूर न झालेली सगळी बिलं त्याबरोबर गेली, सी-१० सुद्धा. पण ते पुन्हा आणता आलं असतं, सी-३३ चं सी-१० झालंच होतं ना. प्रचारात हार्पर कलाकारांच्या झगमगत्या समारंभांबद्दल आणि सामान्य माणसांबद्दल बोलले आणि क्वेबेकमध्ये ते फार महागात पडलं, तिथे सिनेमा, टीव्ही, गाणं हे भाषा टिकवण्याचं साधन आहे, फ्रेंच बोलणाऱ्या माणसाला ते स्वतःचं घर वाटतं. ७ ऑक्टोबरला, मतदानाला आठवडा असताना, पक्षाने जाहीरनाम्याबरोबर सांगितलं की ते वाक्य आम्ही सोडून देतोय. १४ तारखेला हार्पर जिंकले पण बहुमत हुकलं, क्वेबेकमध्ये १० जागा.

त्या बाडातल्या टॅक्सच्या बऱ्याच दुरुस्त्या पुढे २०१३ मध्ये वेगळ्या बिलातून कायद्यात आल्या. सिनेमाबद्दलचं ते वाक्य त्यात आलं नाही.

मला अजून वाटतं की तेव्हाच्या वादात एक माणूस हवा होता जो ते कॅश फ्लो शीट उचलून समितीच्या टेबलावर ठेवेल आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून विचारेल, मंत्रीबाई, ही ओळ तुम्ही कोणत्या आठवड्यात लिहून द्याल? पहिल्या आठवड्यात देणार असाल तर अटी काय त्या बोलू, अगदी कुटुंबाच्या, मुलांच्या, हिंसेच्या, सगळ्या. ऐंशीव्या आठवड्यात देणार असाल तर मला आजच्या लाइटवाल्याला काय सांगायचं ते सांगा.